कापडी पुस्तक शिवताना: जाडीचा हिशोब

कापडी पुस्तकाचा सगळा खेळ पाठीच्या जाडीत असतो. पानावर तुकडे, दोरे, केळीचे तंतू, कागद चढत जातात आणि मोकळी कड फुगते. घडीपाशी मात्र नुसतं कापड उरतं. असं पुस्तक शिवलं की भिजून वाळलेल्या वहीसारखं आ वासून पडतं, वजन ठेवूनही मिटत नाही. म्हणून नक्षीला हात घालण्याआधी मी घडीच्या दोन्ही अंगांना पाऊण-पाऊण इंचाचा पट्टा खडूने आखून टाकते. त्या पट्ट्यात एकही टाका जात नाही.

माझं माप ठरलेलं आहे: पान 7 × 9 इंच, म्हणजे उघडं जोडपान 14 × 9. शिलाईला चारी बाजूंनी अर्धा इंच धरून 15 × 10 चे तुकडे घ्यायचे. पाच जोडपानांच्या वीस बाजू होतात आणि पहिल्या पुस्तकाला तेवढ्या पुष्कळ झाल्या. तुकडे कात्रीने न कापता फाडून घ्यावेत. धागा सरळ मिळतो आणि पान पुढे तिरकं ओढलं जात नाही.

प्रत्येक जोडपान तीन थरांचं. बाहेरच्या दोन थरांना जुनं धोतर किंवा सुती लुगडं उत्तम, मध्ये मलमलचा एक थर. कोरं मांजरपाट वापरायचं असेल तर आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून त्याची खळ पूर्ण काढावी. नाहीतर रंग डागाडागाने बसतो. शिवाय जुनं कापड आटून चुकलेलं असतं आणि कोरं आटायचं बाकी असतं. दोन्ही एका पानात आली की पहिलं पाणी लागताच झोल पडतो, आणि तो इस्त्रीने जात नाही.

काळ्या रंगासाठी हिरडा आणि लोखंडाचं पाणी. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम हिरडापूड घालून कापड रात्रभर भिजवायचं, वाळवायचं. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे मुरवून गाळलेलं पाणी ब्रशने लावलं की रेघ डोळ्यांदेखत काळी होत जाते. पण लोखंड सुताला वर्षागणिक ठिसूळ करतं. त्यामुळे हा रंग रेघांपुरताच, घडीवर मुळीच नाही, आणि नंतर कापड भरपूर पाण्यात खळबळून काढायचं. हळदीचा पिवळा उन्हाने उडतो, साबण लागला की लाल पडतो. जपून ठेवायच्या पुस्तकात मी तो घेत नाही.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे घड कापल्यावर केळीचे खांब बांधावर पडलेले असतात. खांब ओला असतानाच सोपटं, म्हणजे त्याचे एकावर एक बसलेले थर, सुटे काढून दोन-दोन फुटांचे तुकडे करावेत आणि फळीवर बोथट सुरीने खरवडावेत. गर निघून जातो, चकचकीत तंतू हातात राहतात. ते निदान तीन पाण्यांतून काढायचेच, कारण केळीचा चीक कापडावर आधी दिसत नाही आणि वाळल्यावर तपकिरी डाग कायमचा बसतो. तंतू कोरडा वळवला तर तुटतो. पंधरा मिनिटं भिजवून, कापडावर आडवा धरून वरून बारीक टाक्यांनी बांधावा.

कापूस लावायचा तर सरकी काढलेली रुईच. सरकी दाबाखाली फुटली की तेलाचा डाग थेट मागच्या पानापर्यंत जातो. रुईवर मलमलचा तुकडा खिडकीसारखा शिवला की रुई सुटत नाही.

हातकागदावर टाके जवळजवळ घातले तर तिकिटासारखा फाटतो. कागदामागे मैद्याच्या खळीने मलमल चिकटवावी (एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवून) आणि टाका 5 ते 6 मिमी लांब ठेवावा. खळीचं काम मे महिन्यात करू नये. वरची बाजू आधी सुकते आणि पान वळतं. पावसाळ्यात बुरशी धरते. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. चिकटवलेलं पान दोन जुन्या चादरींमध्ये ठेवून वर पाटा ठेवावा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

अक्षरं भरताना उंची 12 मिमीच्या खाली नेऊ नये. वेलांटी आणि मात्रा एकमेकांत अडकतात. अक्षराचा दंड उलट्या टीपेने, अनुस्वार गाठीच्या टाक्याने, शिरोरेघ सगळ्यात शेवटी: मधली अक्षरं किती पसरली ते तेव्हाच कळतं.

आता पाठ. तयार जोडपानं एकावर एक रचून तळहाताने दाबून दोन मापं घ्यायची. समजा मोकळ्या कडेला 46 मिमी आणि घडीला 16 मिमी भरलं. 30 मिमी भरून काढायचे आहेत, म्हणजे प्रत्येक जोडपानाला 6. जुन्या गोधडीची दीड इंच रुंद, नऊ इंच लांब पट्टी, दाबल्यावर साधारण 3 मिमीची, घडीच्या बाहेरून दुमडून बसवली की दोन्ही अंगांनी मिळून बरोबर 6 होतात आणि आखलेला पाऊण इंच झाकला जातो.

भोकं पाच: वरून 1, 2¾, 4½, 6¼ आणि 8 इंचांवर. पुठ्ठ्याचा साचा करून टोच्याने पाडावीत. मेण लावलेला जाड सुती दोरा घ्यावा, नायलॉनचा कापडाला कापतो. प्रत्येक जोडपान आधीच्या टाक्यात अडकवत शिवावं. कव्हर मी गोधडीचंच करते, धावदोऱ्याने भरून, नाडी लावून. जाड पुठ्ठ्याच्या कव्हरात मऊ पानं उभी ठेवली की खाली लोंबतात.

ॲक्रिलिक रंग वापरला असेल तर समोरासमोरच्या रंगीत बाजूंमध्ये बटरपेपर घालावाच. जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत रंग मऊ होऊन पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगासकट सूत निघतं. पेटीत कडुनिंबाची पानं ठेवावीत, पण कडक वाळलेली आणि पुरचुंडीत बांधून.