आमची वाटचाल : डिचोली बाजारातून

पणजीत आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, आणि पुढे काही वर्षं नोकरी करून मी डिचोलीत स्वतःचं सी.ए. कार्यालय थाटलं, तेव्हा तालुक्यातला पैसा खाणींचा होता. शिरगाव, पिळगाव, मये, लामगाव, कुठंही जा, दारात ट्रक. आमचे पहिले अशील हेच ट्रकवाले. त्यांचं काम सोपं असे. आयकराच्या कलम ४४ एईखाली दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला वह्या ठेवायची सक्ती नव्हती. अवजड गाडीमागे महिन्याला ५,००० रुपये उत्पन्न धरायचं आणि रिटर्न भरायचं.

सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक अंगणात उभे राहिले आणि त्या सोप्या कलमाची दुसरी बाजू कळली. गाडी किती धावली हे ते पाहत नाही. किती महिने मालकीची होती, एवढंच पाहतं. म्हणजे उभ्या ट्रकचंही कागदावर उत्पन्न. कर फारसा बसत नसे, पण हप्ते थकलेला माणूस बँकेपुढे तोटा सांगायला गेला की हातातलं रिटर्न भलतंच सांगे. कमी उत्पन्न दाखवायचं तर रीतसर वह्या हव्यात, त्यांचं ऑडिट हवं. आणि वह्या तर जवळजवळ कुणाकडेच नव्हत्या.

आमचं रविवारचं काम त्यातून सुरू झालं. देवळाच्या सभामंडपात सतरंजी घालून बसायचं, फी घ्यायची नाही. डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता, सगळं रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, कसं चढवायचं ते शिकवायचं. पुरुष बिलांची पिशवी ठेवून जात. वही लिहायला बसत त्या घरच्या बायका. त्यांचा हिशेब चोख असे. वर्षानुवर्षं घर त्याच चालवत होत्या.

याच बैठकांत मला आमच्या कामाचा खरा गाभा सापडला. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. म्हणूनच १९६१च्या आयकर कायद्यात ५ए हे कलम आलं : पगार सोडून धंदा, भाडं, व्याज यांचं उत्पन्न दोघांच्या नावे निम्मं-निम्मं दाखवायचं. कायदा असा, आणि सभामंडपात बसलेल्या कित्येकींकडे पॅन कार्डसुद्धा नव्हतं. दारातला ट्रक अर्धा आपला आहे, हे एका काकींना मला दोनदा समजावून सांगावं लागलं. त्यानंतर त्यांनी वहीवर नवऱ्याच्या नावाशेजारी आपलं नाव घातलं.

२०१४मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, पण मार्च २०१८मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. या खेपेला ज्यांच्याकडे वह्या होत्या ते बँकेत कागद घेऊन गेले. माझ्या मते आमच्या फर्मनं केलेलं हे सर्वांत मोलाचं काम, आणि त्याचं बिल कधी निघालं नाही. फर्म तगली ती बाजारातल्या दुकानांमुळे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि हार्डवेअरवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंत सगळ्यांना दर महिन्याला आमची गरज पडू लागली. हाताखालच्या दोघी मुली रविवारच्या बैठकीतच तयार झालेल्या. जीएसटीचं काम आता त्याच पाहतात.

बैठक आजही चालते. ट्रकवाले कमी झाले. आता बचत गट येतात, उत्सव समित्या येतात, ठेवींच्या व्याजातून बँकेनं आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, परत मिळवायला निवृत्त मंडळी येतात. टीडीएस कापला जातो एकाच्याच पॅनवर. ५एखाली व्याज निम्मं झालं की कापलेल्या कराचं क्रेडिटही दोघांत वाटलं जातं, आणि बायकोचं रिटर्नच भरलेलं नसेल तर तिच्या वाट्याचा परतावा अडकतो. म्हणून आमची सगळ्यांना विनंती असते की रविवारी येताना दोघांचीही पॅन कार्डं आणा, आणि जमलं तर दोघंही या.