खाणीत लीन राबवताना : माझा अनुभव

उघड्या खाणीत लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि श्रम हुडकून काढून टाकायची पद्धत, सुरू करायची तर फलक आणि रंगीत पट्टे मागाहून येऊ द्यावेत. मी पहिल्यांदा स्टॉपवॉच घेतलं आणि डंपरच्या 30 फेऱ्या मोजल्या. प्रत्येक फेरीचे तुकडे पाडले : रांगेत थांबणं, शॉवेलला (माल भरणाऱ्या खोदयंत्राला) लागणं, भरणं, वाहतूक, क्रशरवर (दगड फोडणाऱ्या यंत्रावर) थांबणं, रिकामं करणं, परतणं. कुठला डंपर कुठे जायचा हे ठरवणाऱ्या डिस्पॅचच्या संगणकात हे आकडे असतात, पण ऑपरेटरनं बटण उशिरा दाबलं की थांबलेला वेळ भरण्यात मिसळतो. म्हणून हाताची नोंद हवीच.

हिशेब साधा निघाला. डंपर लावून भरायला 3 मिनिटं, न थांबता पूर्ण फेरीला 21 मिनिटं. म्हणजे एका शॉवेलला 7 डंपर पुरतात. लावलेले होते 9. मग फेरी 27 मिनिटांची होते आणि प्रत्येक डंपर दर फेरीला 6 मिनिटं इंजिन चालू ठेवून उभा राहतो. माल मात्र तेवढाच. तरी थेट 7 वर येऊ नये. फेऱ्या एकसारख्या वेळेत होत नाहीत आणि शॉवेल रिकामा राहतो. आम्ही 8 ठेवले.

शॉवेलची रांग आटोक्यात आली, पण क्रशरवरची हटेना. हॉपरमध्ये, म्हणजे क्रशरच्या तोंडाशी, मोठे दगड अडकत होते. दर अडकलेल्या दगडामागे वेळ आणि बेंच (खाणीतली पायरी) क्रमांक लिहायला लावला. कागद एकत्र केल्यावर बोट एकाच बेंचकडे गेलं. तिथली सुरुंगाची भोकं खुणेपासून सरकलेली होती; दोन भोकांमधलं अंतर जिथं वाढलं तिथं खडक नीट फुटत नव्हता. आता दारू भरण्याआधी प्रत्येक भोकाचं अंतर आणि खोली टेपनं मोजतात, चुकलेलं भोक पुन्हा मारतात. क्रशरचा खोळंबा ड्रिलिंगमध्येच सुटतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पाळी बदलताना डिझेल, तपासणी आणि सूचना एकाच वेळी येत, त्यामुळे सगळी यंत्रं एकदम उभी. डिझेल पाळीच्या मध्ये, आळीपाळीनं भरायला घेतलं. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरच्या तपासणीतून मात्र एक मिनिटही कापू नये.

दोन चुका हमखास होतात. पहिली, फक्त टनांवर बक्षीस. मग डंपर ओसंडून भरतात, वळणावर दगड सांडतात आणि मागच्या डंपरचे टायर फाटतात. दुसरी, कारखान्यातला ‘साठा नको’ हा नियम जसाच्या तसा लावणं. क्रशरसमोरचा कच्च्या मालाचा ढीग पूर्ण काढला, तर ब्लास्टिंगसाठी खाण रिकामी केली की प्रक्रिया संयंत्र उपाशी राहतं. ढीग किती ठेवायचा, हे ब्लास्टिंगच्या सर्वांत लांब खोळंब्यावरून ठरवावं.