पाचाचे सात

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलं होतं आणि घरात कोणी नव्हतं. हे दुसरं कारण खरं तर आधी सांगायला हवं. लॅपटॉपवर १९७२ सालचा एक इटालियन सिनेमा लावला. नाव मराठीत आणायचं तर ‘काय ती उबाल्डा, सगळीच उघडी नि सगळीच गरम’ असं काहीतरी होईल. मुळात ‘उबाल्डा’ला ‘काल्दा’चं यमक आहे, काल्दा म्हणजे गरम. दादा कोंडक्यांच्या सिनेमांची नावं ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार?

लढाईवरून परतलेला सरदार, बायकोच्या कमरेला कुलूप, किल्लीचा घोळ आणि शेजाऱ्याची बायको उबाल्डा, म्हणजे नटी एडविज फेनेक. संपली गोष्ट.

या सगळ्याला निमित्त झाला पाझोलिनी हा इटालियन दिग्दर्शक. १९७१ साली त्याने बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’ या कथासंग्रहावर सिनेमा काढला. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ पुरस्कार मिळाला, इटलीत गर्दी लोटली. निर्मात्यांनी हिशेब केला असणार : लेखक चौदाव्या शतकातला, मानधन मागायला येत नाही. दोन-तीन वर्षांत स्वस्तातल्या नकलांची रांग लागली. तिकडे त्यांना ‘डेकामेरोटिको’ म्हणतात. एक जुना किल्ला, थोडं गवत, एक लठ्ठ पाद्री आणि कपडे, तेही थोडा वेळच लागणारे.

अर्ध्या तासात मला जांभया यायला लागल्या. वय झालं म्हणावं, तर बोकाच्चोची पेरोनेल्ला आठवून हसू येत होतं.

नेपल्सची ही गरीब बाई. नवरा अवेळी घरी येतो, म्हणून ती यार पिंपात लपवते. वर नवऱ्यालाच फैलावर घेते, काम सोडून आलास तर खायचं काय? तो बिचारा म्हणतो, अगं, पिंप पाचाला विकून आलोय. बाई क्षणभरही अडखळत नाही. पाचाला? मी बाईमाणूस घरात बसून सातला विकलं, गिऱ्हाईक आत उतरून तपासतंय! मग नवराच आत उतरून पिंप खरवडायला लागतो. पुढे बाहेर काय झालं ते ज्याने त्याने ओळखावं. मजा आहे ती त्या पाचाचे सात करण्यात. ही थापही बोकाच्चोची नव्हे, दुसऱ्या शतकातल्या आपुलेयस या लॅटिन लेखकाकडून उचललेली.

आपल्या ‘शुकसप्तती’ या संस्कृत कथासंग्रहातही अशीच एक थाप आहे. नवरा बेहड्याच्या झाडावर चढतो आणि त्याला खाली बायको परपुरुषाबरोबर दिसते. बायको म्हणते, झाडाचाच गुण आहे हा, वर गेलं की भलतंच दिसतं. खात्री म्हणून ती स्वतः वर चढते आणि ओरडते, ‘अहो, ही कोण बाई तुमच्याजवळ?’ बोकाच्चोकडे हेच झाड नासपतीचं झालंय. एवढा प्रवास करूनही थापेचं पान हललेलं नाही. उबाल्डाच्या जातीच्या सिनेमांना मात्र थाप ऐकण्याइतका दम नसतो; कॅमेऱ्याला घाई असते.

एवढ्यात कुलपात किल्ली फिरली. बायको तासभर आधीच परतली होती. लॅपटॉप मिटेना.

“बोकाच्चो वाचतोय,” मी म्हणालो.

तिने पडद्याकडे पाहिलं. “बरं. अक्षरं कुठायत?”