मागचं चाक

सायकलचं पुढचं चाक कुणीही काढतं. दोन नट सैल केले, ब्रेकचे रबर जरा बाजूला सारले की चाक हातात. मागच्या चाकाचं मात्र तसं नाही. विशेषतः वडिलांची ती काळी, चोवीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल असेल तर. तिच्या मागच्या एक्सलला अख्खं घर टांगलेलं असतं: स्टँड, कॅरियरचे पाय, मडगार्डच्या तारा, चेन ताणायचे आकडे, आणि सगळ्यांच्या मध्ये वॉशर. वर चेनला पूर्ण कव्हर. त्याचं मागचं झाकण उघडल्याशिवाय आत फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते मागचं दातेरी चक्र, आहे की नाही हेही कळत नाही.

म्हणून तर आपल्याकडचा पंक्चरवाला मागचं चाक काढतच नाही. सायकल आडवी पाडायची, दोन पट्ट्यांनी टायरची एक कड रिमबाहेर आणायची आणि आतड्यासारखी ट्यूब बाहेर ओढायची. मग हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात ती वीतवीत बुडवत जायचं. बुडबुडा आला की बोट तिथे. पॉलिश पेपरने घासून, सोल्युशन लावून, फुंकर मारून ठिगळ बसवायचं, वर हातोडीचे दोन ठोके. चाक जागच्या जागी. या सगळ्या कौशल्याचा उगम माझ्या मते एकाच गोष्टीत आहे, मागचं चाक काढायचा कंटाळा. पण टायरच फाटला तर इलाज नसतो. टायर नि ट्यूब ही अखंड वेटोळी, एक्सल सुटल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर टायरला भेग पडली आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणून मी रविवारी सकाळी गॅलरीत सायकल उलटी केली. घंटा फरशीवर टेकून एकदा केविलवाणी वाजली. बायकोने आतून ‘कोण आलंय?’ विचारलं.

दोन तासांनी चाक सुटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चाक हातात आलंच आहे तर जरा ओव्हरऑइल करून टाकू, असं वाटलं. मूळ शब्द ओव्हरहॉल आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तरी आमचा ओव्हरऑइल हाच शब्द मला जास्त बरोबर वाटतो, कारण शेवटी सगळीकडे तेलच झालेलं असतं.

कोन, म्हणजे एक्सलवरचा निमुळता नट, सैल केला, एक्सल ओढला आणि काळ्या ग्रीसमधून छर्रे, बेअरिंगच्या त्या पोलादी गोळ्या, सुटले. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पाव इंची छर्रे असतात, एका बाजूला 9, म्हणजे एकूण 18. मी बशीत 17 मोजले. पुन्हा मोजले, 17च. तुळशीची कुंडी हलवली, चपला झटकल्या, गॅलरीच्या मोरीत बोट घातलं. अठरावा गेला तो गेलाच.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. ‘मामा, पाव इंची छर्रा आहे का? एकच हवाय.’

‘एक नाही देत, साहेब. आठ जुने नि एक नवा, जमत नाही. जुने झिजलेले असतात, सगळा भार त्या नव्यावर येतो. बदलायचे तर सगळे बदला. कशाला हवेत?’

‘मुलाला. शाळेचा प्रोजेक्ट आहे.’

मामांनी माझ्या नखांतल्या ग्रीसकडे पाहिलं आणि दीड डझन मोजून कागदात बांधून दिले.

त्यांच्याकडे तेव्हा एक चाक आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला लागलेलं होतं. मी मुद्दाम रेंगाळलो. चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा. जिथे रेघ उमटेल तिथे रिम त्या बाजूला झुकलेली. मग तिथली पलीकडच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची, खडूच्या बाजूची तेवढीच सोडायची. मधूनमधून मामा नखाने तार छेडत होते, तंबोरा लावावा तशी. असल्या सायकलींना पुढे 32 तारा असतात आणि मागे 40, कारण माणूस, पोतं, डबलसीट बसलेला भाऊ, सगळं मागेच. आणि तुटते तीही बहुतेक वेळा फ्रीव्हीलच्याच बाजूची. ती बदलायची म्हणजे आधी फ्रीव्हील उतरवा. पायडल मारमारून ते वर्षानुवर्षं आवळत गेलेलं असतं, त्याच्या आट्या सोडवताना भल्याभल्यांचे दंड भरून येतात.

घरी येऊन ग्रीसमध्ये छर्रे चिकटवले, कोन बसवला. घट्ट केला तर चाक कुरकुरतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. दोन्हींच्या मधली ती केसाएवढी जागा सापडायला मला पाऊण तास लागला. सापडली तेव्हा मात्र कळलं. चाक हातात उभं धरलं तर ते आपोआप हललं, व्हॉल्व्हची जड बाजू खाली आली, पाळण्यासारखी दोनतीनदा झुलली आणि थांबली. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, ‘बरं.’

मग सगळं परत चढवलं. चेन बोटाने दाबली की अर्धा इंच खाली जाईल एवढी ताणली. दोन्ही नट आलटूनपालटून आवळले, कारण एकच बाजू आवळत गेलं की चाक तिरकं होऊन मडगार्डला घासतं.

महिन्याभराने खिळा लागला. मामांनी सायकल आडवी केली आणि घमेलं जवळ ओढता ओढता त्यांचा हात मागच्या नटापाशी थांबला. स्टँड कॅरियरच्या पायाच्या बाहेर होता आणि वॉशर नटाखाली यायचा तो पार आत जाऊन बसला होता. त्यांनी पाना घेतला, नट सोडला, वॉशर जागेवर आणला, पुन्हा आवळला. पंक्चर काढेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पैसे देताना म्हणाले, ‘मग साहेब, पोराला मार्क किती पडले?’