अंधारातली ३५ मिमी फिल्म

फोटोच्या फिल्मचा अवघड भाग इमल्शनचा, म्हणजे तिच्यावरच्या प्रकाशसंवेदी लेपाचा, असं सगळे म्हणतात. माझ्या मते फिनिशिंगचं, म्हणजे फिल्म कापून डबीत भरण्याचं, खातंही तितकंच निर्दय. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या कोडॅक कारखान्यात सुमारे १.३७ मीटर रुंदीचा लेप दिलेला रोल येतो. स्लिटर या कापणी यंत्राच्या गोल पात्या त्याच्या ३५ मिमीच्या पट्ट्या करतात. मग पंच आणि डाय, म्हणजे ठोकणी आणि तिचा साचा, दोन्ही काठांवर भोकं पाडतात: दोन भोकांतलं अंतर ४.७५ मिमी, एका फ्रेमला प्रत्येक काठावर आठ भोकं. डाय बोथट झाली की कडा फाटते, बारीक कचरा उडतो आणि पुढे कॅमेऱ्यात ओरखडे पडतात. त्याच ओघात काठावर प्रकाशाने फ्रेमचे आकडे छापले जातात. दिसतात ते डेव्हलप केल्यावरच.

३६ फ्रेमसाठी जेमतेम १.६ मीटर पट्टी लागते. तिचं टोक स्पूलला, म्हणजे डबीतल्या रिळाला, चिकटवायचं, गुंडाळायचं, डबीत बसवून झाकणं दाबायची. डबीच्या तोंडाला मखमल असते; तिच्यात एक कण अडकला तरी पूर्ण रोलच्या लांबीभर रेघ!

हवा फार कोरडी झाली तर स्थिर विजेची ठिणगी उडते. निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या खुणा उमटतात, आणि त्या पुसता येत नाहीत.