खिडकीतला कप

गुरुवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी देवळात प्रवचनाला गेले होते. चातुर्मास असल्याने गर्दी होती, आणि बुवाही रंगात होते. म्हणाले, "शास्त्राचा धाक आहे म्हणून माणूस माणूस आहे. तो काढा, उद्या भाऊ भावाच्या ताटातलं ओढून खाईल." माना डोलल्या. माझीही थोडी डोलली असणार, सवयीने. पण पुढचा तासभर मला आत्याआजीच दिसत राहिली.

आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. आमचं मूळ घर दापोलीकडचं. बाराव्या वर्षी ती विधवा झाली आणि चौदाव्या वर्षी तिला मागच्या पडवीत वस्तऱ्यापुढे बसवलं. पणजोबा माणूस वाईट नव्हेत. पहाटे स्नानसंध्या, पोथी वाचल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाहीत, पण गड्याच्या पोराला ताप आला तर स्वतः काढा घेऊन जायचे. त्या दिवशी ते गोठ्यात जाऊन रडले, असं आजी सांगायची. रात्री जेवले नाहीत. आणि तेव्हापासून मरेपर्यंत त्यांनी विडा खाल्ला नाही. मुलीचे केस गेले, बापाने विडा सोडला. हा कसला हिशेब, मला आजवर कळलेलं नाही.

पोथीने त्यांना वस्तऱ्याकडे धाडलं. मग ते रडू कुठून आलं?

बरं, दुसरी वाट ठाऊकच नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. मुरुड तिथून लांब नाही. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. त्या टापूत ही गोष्ट कुणाला माहीत नसेल? पणजोबा गोठ्यात रडले, ओटीवर नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

म्हणून मला विद्यासागरांचं नवल वाटतं. कलकत्त्याचे मोठे संस्कृत पंडित, पणजोबांपेक्षा शंभर पटीने शास्त्र जाणणारे. त्यांनी पाराशरस्मृतीतला 'नष्टे मृते प्रव्रजिते' हा श्लोक पुढे केला, म्हणजे नवरा बेपत्ता झाला, वारला किंवा संन्यासी झाला तर बाईला दुसरा पती करता येतो असं सांगणारा, १८५५ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिल्या आणि पुढच्या वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला. श्लोक काही नवा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र्यांना पाठ असणार. कळवळा आधी होता, त्याने श्लोक हुडकला. आणि नुसत्या श्लोकाने काय होतं, तेही आपण पुण्यात पाहिलंच आहे. १८७० मध्ये शंकराचार्यांपुढे याच प्रश्नावर वाद झाला, दोन्ही पक्षांच्या हातात शास्त्रग्रंथच होते. सुधारक हरले.

त्याहून मला भावते ती १८९० ची मुंबईतली सभा. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि त्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पोटाचा धंदा तो. त्या सभेत संस्कृत जाणणारे असे कितीसे असतील?

गंमत म्हणजे खुद्द मनुस्मृती धर्माची चार लक्षणं सांगते. वेद, स्मृती, सदाचार, आणि चौथं 'स्वस्य च प्रियमात्मनः', म्हणजे आपल्या आत्म्याला जे रुचेल ते. चौथ्या नंबरावर का होईना, आहे. बुवांनी हे काही सांगितलं नाही. तुकोबांनी तर सरळ 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही' म्हणून टाकलं.

इथवर लिहून मला फार बरं वाटलं. मन ग्वाही, प्रश्न मिटला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीत कप दिसला.

कामाला येणाऱ्या मावशींचा कप. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. बावीस वर्षं मावशी येताहेत आणि बावीस वर्षं तो खिडकीच्या कट्ट्यावर पालथा. मी सोवळंओवळं पाळत नाही, जात विचारत नाही, असं चारचौघांत सांगते. असा कप ठेवा म्हणून मला कुठल्या पोथीने सांगितलं नव्हतं. माझ्याच मनाने ठेवला, आणि ते मन एवढ्या वर्षांत एकदाही टोचलं नाही. गेल्या महिन्यात सूनबाई म्हणाली, "आई, या कपाला मांडणीवर जागा नाही का?" मी म्हटलं, "अगं, त्यांना तोच आवडतो." उत्तर इतकं झटकन आलं की माझी मीच दचकले.

आईकडेही असाच एक कप होता, पडवीतल्या कोनाड्यात. त्याबद्दल आम्ही कधी कुणी काही बोललो नाही. माझ्या मनाला साक्ष द्यायला शिकवलं ते त्या कोनाड्याने, आणि मी निघाले होते तुकोबांच्या मनाशी त्याचं माप लावायला.

झोप येत नाहीये.

शुक्रवार, सकाळ

चहा केला. मांडणीवरच्या कपांतला एक भरून मावशींसाठी ओट्यावर ठेवला.

"ताई, हा कुणाचा?"

"तुमचाच."

त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतला कप काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि रोजच्यासारख्या दाराशी जाऊन बसल्या. आमचा कप आधी विसळून जागेवर ठेवला.