हायवेवरची कॉलेजं

अमेरिकेत मूल अकरावीत गेलं की त्या वर्षीची एप्रिलची सुट्टी आईबापांची राहत नाही. ती कॉलेजं बघण्यात जाते. पुढच्या १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे एकाच अर्जावर अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या सोयीचा, नवा फॉर्म उघडतो, १ नोव्हेंबरला पहिल्या मुदती येऊन ठेपतात, आणि उन्हाळ्यात जावं तर कँपसवर गवत कापणारे सोडून फारसं कोणी नसतं. शाळा बंद आणि कॉलेजं चालू, असा हाच काय तो आठवडा.

बघायचं कुठलं, हा मोठा प्रश्न. देशात चार वर्षांची कॉलेजं हजारोंनी, कॉमन अ‍ॅपवर अर्ज करता येतात वीस, आणि सुट्टीत बघून होतात फार तर पाच-सहा.

आमच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. बारावीचे मार्क आले की कॉलेजच आपल्याला निवडायचं. यादीत नाव लागलं की वडिलांबरोबर लिव्हिंग सर्टिफिकेट, डिमांड ड्राफ्ट आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन निघायचं. कॉलेजची इमारत पहिल्यांदा दिसायची ती फी भरायच्या रांगेतून. त्यामुळे तासभर हिंडून ‘इथे मला कसं वाटतंय’ ते ठरवायचं, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही. कांदेपोह्यांची आठवण होते खरी, पण तिथे निदान पोहे मिळतात.

नवऱ्याने एक्सेल शीट केली: फी, अंतर, शंभरातल्या किती जणांना घेतात. लेकीच्या अटी दोनच. चालत जाता येईल असं कॉफीचं दुकान हवं, आणि कॉलेज घरापासून लांब हवं. किती लांब, असं विचारलं तर म्हणाली, “तू डबा घेऊन यायचा कंटाळा करशील, तेवढं.”

एवढं करून शेवटी निवड केली ती हायवेने. न्यू जर्सीतून ९५ नंबरने वर निघालं की न्यू हेवनला येल, प्रॉव्हिडन्सला ब्राउन, मग बॉस्टन. ७८ने पश्चिमेला गेलं की ईस्टनचं लाफायेट आणि पुढे बेथलहेमचं लीहाय, एका दिवसात दोन. कॉर्नेलसाठी इथाकाला जायचं म्हणजे मुक्कामच. एखादं कॉलेज कितीही चांगलं असो, वाटेवर नसेल तर यादीतून हळूच गळतं, आणि गळाल्याचं कुणाला कळतही नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीत नावं बघूच नयेत, प्रकार बघावेत. एक मोठं सरकारी, एक लहान, एक शहराच्या पोटातलं. म्हणून प्रिन्स्टन हाकेच्या अंतरावर असूनही मी ते पहिल्या दिवशी ठेवू दिलं नाही. जिथे शंभरातल्या पाचेक जणांना घेतात, तिथे मॅग्नोलिया फुललेल्या असताना पोरीला नेलं, तर पुढची सगळी कॉलेजं तिला फिकीच वाटणार. नंतर गेलो तेव्हा तिथला समज कळला, की पदवीच्या आधी पुढच्या मोठ्या फाटकातून बाहेर पडलेला विद्यार्थी पदवी पुरी करत नाही. हिने अजून अर्जसुद्धा केलेला नाही. पण ती बाजूच्या वाटेने बाहेर आली.

रटगर्सला, म्हणजे आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, यायला मात्र ती तयार नव्हती. “अर्धी शाळा तिथेच जाणार आहे!” पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. १७६६ सालचं, म्हणजे खुद्द अमेरिका देशाहून दहा वर्षांनी जुनं विद्यापीठ, राज्यातल्या मुलांना फी कमी, आणि ते बघायचंच नाही? ओढत नेलं. तिथे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला रॅरिटन नदी ओलांडून बस पकडावी लागू शकते. बसमध्ये तिच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. हे तिला भलतंच आवडलं, आणि आपल्याला ते आवडलं याचं जरा आश्चर्यही वाटलं.

अजून एक हिशेब असतो. काही खासगी कॉलेजं कोण येऊन गेलं याची नोंद ठेवतात आणि प्रवेशाच्या वेळी ती विचारात घेतात. एमआयटी किंवा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया घेत नाही. बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता काढतात, त्यात हे लिहिलेलं असतं. तेव्हा गेलात तर नाव नोंदवून जा. नुसतं फाटकाशी फोटो काढून परतू नका.

टूर बाकी सगळीकडे सारखीच. उलटं चालत बोलणारा विद्यार्थी, निळ्या दिव्यांचे इमर्जन्सी खांब, वाद्यांशिवाय गाणारे ग्रुप. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्याही बरोबर. त्यांना त्या उलट्या चालणाऱ्या मुलाची काळजी लागली. “अगं, सांग ना त्याला, मागे पायरी आहे.” पायरी त्याला पाठ होती. पण त्यांनी कॉलेज बघितलंच नाही, तासभर त्याच्या टाचाच बघितल्या.

न्यू यॉर्क राज्यातलं पोकीप्सी गाव यादीत आलं तेही सासूबाईंमुळे. तिथे व्हॅसार कॉलेज आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींची रक्षा आहे, एवढं त्यांना माहीत होतं. १८८३ साली अठराव्या वर्षी आनंदीबाई अमेरिकेत आल्या आणि उतरल्या आमच्या न्यू जर्सीतच, रोझेलला, कार्पेंटरबाईंकडे. १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली, त्यांनी ती आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली. सासूबाई हे सांगत असताना लेकीने विचारलं, “पण आजी, त्यांनी कॉलेज आधी बघितलं होतं का?”

“ज्यांच्या घरी उतरल्या त्या बाईंनासुद्धा नव्हतं बघितलं, नुसती पत्रांची ओळख. कॉलेज कसलं!”

मग व्हॅसारही बघितलं. १८६१ साली मुलींसाठी निघालेलं, मुलांना १९६९पासून घेतात. ग्रंथालयात रंगीत काचेची भलीमोठी खिडकी आहे. १६७८ साली पादुआला एलेना कोर्नारो या बाईंना डॉक्टरेट मिळाली, तो प्रसंग तिच्यावर आहे. लेक खिडकीखाली बराच वेळ बसली. तिला खिडकी आवडली की खालची खुर्ची, ते मी विचारलं नाही. शीटमध्ये तिने व्हॅसारच्या पुढे ‘हो’ लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात ‘शांत’.

लीहायला धो धो पाऊस लागला, तर पावसासकट तेही आवडलं. दुसरं एक कॉलेज केवळ पावसापायी बाद झालं. यात तर्क शोधू नये.

आता तिने मिनेसोटातलं एक नाव काढलंय. ते आमच्या कुठल्याच वाटेवर नाही. गाडीने दोन दिवस. नवरा विमानाची तिकिटं बघतोय, आणि सासूबाई विचारतायत, तिथे मराठी मंडळ आहे का.